तिसऱ्या गाठोड्याची साल

गावाच्या खालच्या अंगाला दलदल होती, त्यामुळे गावाला दर वर्षी हिवताप ठरलेला. दलदलीवरून येणारी हवाच खराब, असं लोक म्हणत आणि दिवस कलला की खिडक्या लावून घेत. ताप यायचा तो येतच राही. डास चावले की लोक खाजवत, शिव्या देत, पण त्यांच्यावर संशय घ्यायचं अजून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. औषध एकच ठाऊक होतं. समुद्रापलीकडच्या डोंगरांतून येणारी सिंकोनाची साल कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि द्राक्षाच्या दारूत कालवून रोग्याच्या घशाखाली उतरवायची.

ती साल गावात एकाच दुकानात मिळे. दुकान म्हाताऱ्या औषधवाल्याचं होतं, पण साल बघायची ती त्याची थोरली सून. थोरली विधवा होती. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी हिवतापानेच गेला, तोही औषधवाल्याच्या घरात, सालीच्या कपाटापासून दहा पावलांवर. त्या वर्षी आलेली साल खोटी होती. भलत्याच कुठल्या झाडाची साल कोरफडीच्या रसात भिजवून कडू केलेली, वरून रंग दिलेला. कुणाला पत्ता लागला नाही. थोरलीने स्वतःच्या हाताने ती कुटली, गाळली आणि चमच्या-चमच्याने नवऱ्याला पाजली. तो कडू तोंड करून म्हणायचा, "आता उतरेल गं." उतरला नाही.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक गाठोड्यातला तुकडा थोरलीने दाताखाली धरला. आधी तिला काही कळत नसे, नुसतं तोंड वाकडं होई. पण वर्षभरात जीभ तयार झाली. खरी साल आधी गप्प बसते, मग हळूहळू कडू होते, तोंड कोरडं करते आणि घशाच्या मागे बराच वेळ रेंगाळते. खोटी साल जिभेच्या शेंड्यावरच बोंबलते आणि चिकट, मळमळणारी चव सोडून जाते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. थोरली चाखायची, थुंकायची, चूळ भरायची आणि वाईट गाठोड्यावर खडूने फुली मारायची. म्हातारा चारचौघांत सांगायचा, "माझ्या दुकानात दोन तराजू आहेत. एक पितळेचा आणि एक आमच्या थोरलीच्या तोंडात."

विधवा सुनेला मूलबाळ नसलं की घरात तिची जागा कशावर टिकते, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. ती त्या एका वाक्यावर टिकली होती.

मग धाकटा दीर लग्न करून रंगाऱ्याची मुलगी घेऊन आला.

धाकटी बारीक, तरतरीत, बोलायला मोकळी. बोटांच्या पेरांवर बापाच्या कारखान्यातला निळा रंग अजून होता, तो काही केल्या जात नव्हता. तेजाबासारखं जळजळीत आम्ल किती घालायचं, चुन्याने काय खाली बसतं, कुठल्या पाण्यात कुठला रंग फुटतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. त्याच सुमारास परदेशातून बातमी आली, की सालीतलं जे औषध आहे ते लाकडापासून वेगळं काढता येतं, पांढऱ्या मिठासारखं. म्हाताऱ्याने तो छापील कागद जेवताना वाचून दाखवला. धाकटी घास हातात धरून ऐकत राहिली आणि म्हणाली, "मामंजी, हे तर आमच्या रंगासारखंच आहे. करून बघू का?"

"बघ की," म्हातारा हसत म्हणाला. त्याला ती गंमत वाटली होती.

महिनाभरात गंमत राहिली नाही. धाकटीने साल तेजाबाच्या पाण्यात उकळली, चुना घालून साका खाली बसवला, तो वाळवून मद्यार्कात विरघळवला, मद्यार्क उडवला आणि पाचव्या दिवशी काचेच्या बशीत पांढऱ्या सुया दिसल्या. जेमतेम चिमूटभर. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून त्या बशीकडे इतका वेळ पाहिलं, की थोरलीला वाटलं याला भोवळ आली.

"एवढ्याशा चिमटीत मूठभर सालीची ताकद," तो म्हणाला. मग धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून हसला. मुलगा गेल्यापासून तो असा हसलेला थोरलीने पाहिला नव्हता. सहा वर्षं तिने त्याचं सगळं केलं होतं. हसू मात्र तिला आणता आलं नव्हतं.

तिथून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

खरं सांगायचं तर ते मीठ चांगलंच होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. सालीची पूड म्हणजे लाकडाचा भुसा. निम्मे रोगी ती ओकून टाकत. मागच्या आळीतली एक धोबीण पोटुशी होती, तिच्या पोटात पुडीचा एक चमचा टिकत नव्हता. धाकटीने तिला पांढऱ्या मिठाच्या तीन गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी धोबिणीचे कान वाजायला लागले. कान वाजले म्हणजे औषध अंगात भिनलं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी ती दुकानाच्या दारात उभी होती, धाकटीचे हात धरून रडत होती. थोरली तिथेच बाजूला पूड गाळत होती. धोबिणीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेल्या बाळंतपणात याच बाईला थोरलीने आठ दिवस साल पाजली होती.

मग म्हातारा एका सकाळी म्हणाला, "थोरले, तुझा खल जरा मागच्या शेडमध्ये हलवू या का? पुडीचा धुरळा उडतो आणि मिठात पडतो. हिला खिडकीजवळचा उजेडही लागतो."

"हलवू या की," थोरली म्हणाली.

लोखंडी खल जड होता. दिराने आणि गाडीवाल्याने तो ढकलत अंगणातून शेडमध्ये नेला. शेडमध्ये लाकडं, फुटकी पिंपं आणि एक मोडकी पायरी होती. दीर कपाळ पुसत म्हणाला, "वहिनी, इथे वाराही चांगला येतो."

"हो ना. आणि मिठात पडायला इथून धुरळाही जाणार नाही," ती म्हणाली. दिराला ते कळलं नाही. तो भला माणूस होता, एवढं बारीक बोलणं त्याच्या डोक्यावरून जाई.

थोरली आता शेडमधून खिडकी बघायची. खिडकीत धाकटीचं डोकं, त्याच्या शेजारी म्हाताऱ्याचं पांढरं डोकं. दोघं बशीवर वाकलेली. कधी धाकटी काही बोलायची आणि म्हातारा हसायचा. थोरलीचा बत्ता त्या हसण्यावर पडायचा. तिला स्वतःची लाज वाटायची आणि ती बत्ता आणखी जोरात मारायची. धाकटीचं काही चुकलं असतं तर बरं झालं असतं. पण धाकटी सकाळी पहिला चहा हिच्या हातात आणून द्यायची, "जाऊबाई, दमलात का?" विचारायची. मन भरून राग करावा असं ती काही करतच नव्हती, आणि हा आणखी एक अपराध थोरलीने तिच्या खात्यावर मांडला.

त्या वर्षी दलदल कोरडी करायला मोठा कालवा खणायचं काम निघालं. खणणारे दोनशे मजूर दलदलीच्या पार पलीकडच्या टोकाला तंबू ठोकून राहिले आणि पंधरा दिवसांत निम्मे थंडीने कुडकुडू लागले. कालव्याच्या साहेबाचा निरोप आला: पांढऱ्या औषधाचं ऐकलं आहे, मोठ्या दवाखान्याचे वैद्य आठ दिवसांनी या बाजूने जाणार आहेत, त्यांनी सालीतून औषध निघताना स्वतः पाहून होकार दिला तर छावणीला तेच घेऊ.

म्हातारा घरभर फिरू लागला. त्याच आठवड्यात सालीची तीन गाठोडी आली, चामड्यात शिवलेली. "थोरले," तो म्हणाला, "तिन्ही चाख आणि सगळ्यात उत्तम असेल ते धाकटीला दे. आता आपल्या घराची अब्रू तिच्या बशीत आहे."

तिच्या बशीत. थोरली शेडमध्ये गेली. तिने पहिल्या गाठोड्याची शिवण उसवली, तुकडा चाखला. उत्तम. दुसरं तितकंच नाही, पण खरं. तिसऱ्यातला तुकडा दाताखाली धरला आणि कडवटपणा जिभेच्या शेंड्यावर असा फुटला की तिचे डोळे मिटले. चिकट, मळमळणारा. कोरफड. सहा वर्षांपूर्वी ती चव तिने नवऱ्याच्या उष्ट्या चमच्यावर चाटून पाहिली होती आणि तेव्हा तिला ती ओळखता आली नव्हती.

खडू खिडकीच्या चौकटीवर होता. तिने तो उचलला नाही.

धाकटी दारात आली. "जाऊबाई, कुठलं घेऊ?"

"ते," थोरली म्हणाली आणि तिसऱ्याकडे बोट केलं.

एवढंच घडलं. ती नंतर म्हणायची, मी खोटंही बोलले नाही, एक शब्द बोलले, "ते." पण तिला ठाऊक होतं की एक शब्दही पुरतो.

पाच दिवसांनी मोठे वैद्य आले तेव्हा बशीत तपकिरी चिकट खळ होती. सुया नव्हत्या. वैद्यांनी काडीने ती खळ हलवून बघितली आणि काडी पुसून खाली ठेवली. "प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले, "पण अशी कामं प्रयोगशाळेत होतात, स्वयंपाकघरात नाही." म्हाताऱ्याचे कान लाल झाले. वैद्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो धाकटीकडे न बघताच म्हणाला, "माझंच चुकलं. रंगाऱ्याचं काम रंगाऱ्याकडे बरं."

धाकटी रडली नाही. तिने त्याच गाठोड्यातली साल घेऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तेजाब बदललं, चुना बदलला, भांडी घासून काढली. दुसऱ्यांदाही खळच. घाईत तेजाब उडून तिच्या डाव्या हातावर मनगटापर्यंत भाजलं. "माझंच काहीतरी चुकतंय," ती नवऱ्याला सांगत होती, "आधी जमत होतं, आता हात कसे विसरले?" त्याच दिवशी म्हाताऱ्याने थोरलीचा खल परत आत, खिडकीजवळ आणवला. थोरली त्या दुपारी पोटभर जेवली. किती महिन्यांत तिला अशी भूक लागली नव्हती.

जेवण झाल्यावर म्हातारा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "छावणीला पूड द्यायची ठरलीय. आपली जुनी पूडच बरी. पहिली दोन गाठोडी गावच्या दवाखान्याला कबूल केलीत, ती सकाळी पोचती करायची. तू तिसरं कुट. फोडलेलंच आहे."

थोरलीने विचारलं, "तिसरं?"

"सगळ्यात उत्तम तेच ना? तूच निवडलंस."

या वेळी बोलायला हवं होतं. बोलायला जागाही होती. तिने तोंड उघडलं तेव्हा खिडकीबाहेर अंगणात धाकटी भाजलेला हात पाण्यात बुडवून बसलेली दिसली. आता बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं. उद्या सांगू, तिने ठरवलं. पूड लगेच थोडीच जाणार आहे? मग ती खलापाशी बसली आणि कुटू लागली. कुटताना धुरळा ओठांवर बसला, त्याची चव तिला लागली, आणि तरी ती कुटत राहिली.

सकाळी ती खाली आली तर दीर नव्हता.

"उजाडतानाच निघाला," म्हातारा समाधानाने म्हणाला. "छावणीची गाडी आपणहून आली होती. पूड घेऊन गेलाय, वाटायलाही तिथेच थांबणार आहे चार दिवस."

थोरलीने दारातून रस्त्याकडे बघितलं. "पूड गेली?"

"गेली की. का गं?"

ती अंगणात गेली आणि परत आली, पुन्हा गेली. त्या दिवशी तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. या दोन दिवसांचं समर्थन करता येण्यासारखं नाही, आणि तिने पुढे कधी केलंही नाही. दर तासाला ती स्वतःला समजावत होती: सगळ्यांनाच काही ताप नसतो, काहींचा आपोआप उतरतो, कदाचित त्या गाठोड्यात थोडी खरी सालही मिसळलेली असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी छावणीची गाडी दवाखान्यात एका मजुराला घेऊन आली. गाडीवाला दुकानात पाणी प्यायला थांबला.

"पुडीने काय गुण येतोय का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गुण कसला आलाय? सगळ्यांना जुलाब लागलेत. आणि तुमचा मुलगाही आडवा झालाय. पहिल्या दिवशी थंडी भरली, म्हणाला, काळजी नको, पूड घेतो."

कोरफडीने जुलाब होतात, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. म्हातारा गोंधळून गाडीवाल्याकडे बघत राहिला. थोरली उठली, धाकटी शेडमध्ये लाकडं फोडत होती तिथे गेली आणि दार लावून घेतलं.

"तुझे हात विसरले नाहीत," ती म्हणाली. "साल खोटी होती. मी चाखली होती. मला माहीत होतं."

धाकटीच्या हातात कुऱ्हाड होती. ती तिने लाकडात अडकवून ठेवली. "माहीत होतं म्हणजे? केव्हापासून?"

"तू कुठलं घेऊ म्हणून विचारलंस त्याच्या आधीपासून."

"आणि पूड?"

"तीही त्यातलीच. भाऊजी तीच घेतायत. तापाने पडलेत तिथे."

धाकटीने पट्टी बांधलेला हात वर उचलला. थोरलीला वाटलं मारणार, आणि तिला ते हवंच होतं. पण धाकटीने तो हात तिच्या डोळ्यांपुढे नुसता धरला. "हा बघा," ती म्हणाली. "मी रोज रात्री बापाला शिव्या घातल्या, मला अर्धवट शिकवलंत म्हणून. माझ्या बापाला." मग तिने हात खाली घेतला. "दुसरं गाठोडं दवाखान्यात गेलं, ते परत मागता येईल?"

"येईल."

"मीठ काढायला पाच दिवस लागतात. पूड किती वेळात होईल?"

"दोघी बसलो तर दुपारपर्यंत."

"मग चला. बाकीचं मला आत्ता बोलायचं नाही."

थोरलीने दवाखान्यात जाऊन गाठोडं परत आणलं. काय कारण सांगितलं ते तिला नंतर आठवेना. दोघी समोरासमोर बसल्या. एक कुटत होती, एक गाळत होती. म्हाताऱ्याने दोनदा विचारलं काय चाललंय, दोनदा धाकटीनेच सांगितलं, "मामंजी, पूड कमी पडलीय." थोरलीला वाटलं, ही मला वाचवतेय. मग कळलं, तसं नव्हतं. तिला वेळ घालवायचा नव्हता, इतकंच.

जुन्या चांगल्या मिठाच्या बावीस गोळ्या बाटलीत शिल्लक होत्या. धाकटीने बाटली कमरेच्या पिशवीत घातली आणि दोघी गाडीत बसल्या. वाट चार तासांची होती.

छावणीत लांबलचक ताडपत्रीखाली माणसं ओळीने पडली होती. चिखलाचा आणि विष्ठेचा वास येत होता. मुकादम तोंडाला फडकं बांधून सामोरा आला. थोरलीने पहिल्यांदा तेच विचारलं, "कुणी गेलं का?"

"दोघं. एक परवा, एक काल. एक म्हातारा होता, तो तसाही टेकलेला होता. दुसरा चांगला दांडगा गडी होता."

थोरलीने मान हलवली. त्या दोघांतला कोण खरी साल मिळाली असती तर उठला असता, एक की दोघं की कुणीच नाही, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिने मुकादमाला त्यांची घरं विचारून घेतली. दांडग्या गड्याची बायको दोन कोसांवरच्या वस्तीत होती.

जुनी पूड त्यांनी चिखलात ओतली. नवी पूड दारूत कालवून एकेकाला पाजू लागल्या. ज्यांच्या पोटात पूड राहत नव्हती त्यांनाच गोळी द्यायची, असं धाकटीने ठरवलं. ओळीत सातवा दीर होता. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. बायकोला बघून त्याचे डोळे भरून आले.

"ते पांढरं आणलंस ना?" तो म्हणाला. "मला ते दे. हा भुसा नको आता."

धाकटीने पेला त्याच्या ओठांना लावला. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तिने तसंच बसून शंभरपर्यंत अंक मोजले. ओकारी आली नाही.

"राहिली पोटात," ती म्हणाली. "तुम्हाला पूड पचतेय. तुम्ही पूडच घ्या. गोळ्या ज्यांना पचत नाही त्यांना."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर शंभर मोजले. बाकीच्यांना पन्नासच."

शेजारचा मजूर तापातसुद्धा हसला. आणि थोरली, हातात भांडं घेऊन उभी असलेली थोरली, तिला त्या क्षणीही हेवाच वाटला. मीठ, खिडकी, म्हाताऱ्याचं हसू यांतल्या कशाचा नाही. ही मुलगी सरळ होती आणि सरळ राहायला तिला काही कष्ट पडत नव्हते, याचा.

त्या तिथे सहा दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवशी एकाचे कान वाजू लागले, मग आणखी चौघांचे, मग ओळभर माणसं डोकं हलवत एकमेकांना "तुझे वाजतात का?" असं ओरडून विचारू लागली. आणखी एक माणूस गेला. बाकीचे उठले. दीरही उठला.

परत निघायच्या आधी थोरली एकटीच चालत वस्तीवर गेली. दांडग्या गड्याची बायको दारात कपडे पिळत होती. थोरलीने आडपडदा न ठेवता सांगितलं, औषध खोटं होतं आणि मला ठाऊक होतं. बाईने आधी ऐकलंच नसल्यासारखं पिळणं चालू ठेवलं. मग विचारलं, "का केलंत?"

"जावेचा हेवा वाटला म्हणून."

बाईने कापड पिळायचं थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं. हे कारण तिच्या नवऱ्याच्या मरणाला फारच लहान पडत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ती आत गेली आणि दार लावलं. थोरली परतीच्या वाटेला लागली.

घरी आल्यावर तिने म्हाताऱ्याला सांगितलं. तो खुर्चीत बसला होता. ऐकताना तो हळूहळू लहान होत गेल्यासारखा वाटला.

"तू?" तो म्हणाला. "कुणीही केलं असतं तरी एक वेळ... पण तू? माझा मुलगा त्याच सालीने गेला गं."

"हो मामंजी."

"मग?"

त्याने सालीच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून मागून घेतली आणि धाकटीला दिली. त्यानंतर चार महिने तो थोरलीशी बोलला नाही. छावणीतल्या साहेबालाही त्याने जाऊन खरं काय ते सांगितलं, फक्त कुणी केलं ते न सांगता "आमच्या घराकडून झालं" असं म्हणाला. छावणीचं काम दुसऱ्या गावच्या औषधवाल्याकडे गेलं.

थोरलीने आपलं बोचकं बांधलं. माहेरी भाऊ होता, त्याच्या बायकोच्या हाताखाली राहायचं. ती बोचकं घेऊन अंगणात आली तर धाकटी वाटेत उभी.

"कुठे निघालात?"

"भावाकडे. तुला माझं तोंड बघायला नको."

"नकोच आहे," धाकटी म्हणाली. "माफ-बिफ मला करता येणार नाही, जाऊबाई, मी प्रयत्न केला. पण पुढच्या आठवड्यात गाठोडी येतायत. मी रोज त्या तिसऱ्या सालीचे तुकडे चावून बघते, खऱ्या सालीचे बघते, मला दोन्ही कडूच लागतात. दोनदा तीच साल उकळली मी, आणि मला कळलं नाही. तुम्हाला एका घासात कळलं." तिने बोचक्याकडे बघितलं. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून मामंजींच्या तोंडून ऐकतेय, थोरलीची जीभ, थोरलीची जीभ. मी ते मीठ काढायला एवढी का धडपडले असं वाटतं तुम्हाला?"

थोरलीने बोचकं खाली ठेवलं. तिला हसू आलं आणि ते हसू वाईट होतं हे तिचं तिलाच कळलं, म्हणून तिने ते गिळलं.

"शिकवा मला," धाकटी म्हणाली. "मग जायचं तर जा."

आपल्याजवळ उरलेली एकच गोष्ट, तीही हिलाच द्यायची. थोरली अंगणातल्या पिंपावर बसली. मग म्हणाली, "आधी कोमट पाण्याने चूळ भर. आणि दातांनी चावत जाऊ नकोस, जिभेवर नुसता धर. बोलू नकोस. कडू कधी होतं त्याच्याकडे लक्ष दे."

धाकटीला ते पटकन जमलं नाही. पहिले दोन महिने ती दहातले सहा तुकडे चुकवायची आणि थोरलीला मनातून बरं वाटायचं. मग सहाचे चार झाले, चाराचे दोन, आणि थोरलीचं बरं वाटणं तसतसं कमी होत गेलं. तरी ती शिकवत राहिली. भावाकडे जायचा विषय पुन्हा निघाला नाही. पावसाळ्यानंतर एका सकाळी म्हाताऱ्याने चहा मागितला, आणि तो तिच्याकडे बघून मागितला.

म्हातारा गेल्यावर दोघींनी दुकान चालवलं, एक बशीपाशी आणि एक खलापाशी. लांबलांबचे लोक साल तपासून घ्यायला आणि पांढरं मीठ न्यायला येत. एक वर्षी असंच कुणीसं गिऱ्हाईक दोघींना एका बाकावर बसून एकाच सालीचा तुकडा चाखताना बघून म्हणालं, "किती छान! अगदी सख्ख्या बहिणींसारख्या राहता."

धाकटीने तुकडा थुंकला. "बहिणी कसल्या? जावा आहोत."

"आणि हे गाठोडं खोटं आहे," थोरली म्हणाली. "परत पाठवा."